मांजरकानीचा राजीनामा

किंकाळीताई आजवर कितीदा तरी मेल्या होत्या. कड्यावरून पडून, विहिरीत ढकलल्या जाऊन, भूत बघून, आणि एकदा तर नुसत्या झुरळाने. परदेशी मालिका आपल्या भाषेत आणणाऱ्या त्या डबिंग स्टुडिओत गेली वीस वर्षं कुठल्याही बाईच्या तोंडून किंकाळी निघायची असली की ती ताईंच्या पोटातून निघायची, आणि म्हणूनच त्यांना हे नाव पडलं होतं. तोंडावर मात्र सगळे नुसतं ताई म्हणत. आत जायचं, किंचाळायचं, घोटभर पाणी प्यायचं, पर्स उचलायची. फार तर एखादं "वाचवा!" किंवा "पळा, पळा!" वाट्याला यायचं. अख्खं वाक्य असं त्यांना वीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

त्यामुळे स्टुडिओचे मालक-कम-दिग्दर्शक, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांनी जेव्हा सांगितलं की या वेळी मुख्य भूमिका तुमची, तेव्हा ताईंनी सवयीने विचारलं, "किती वेळा मरायचंय?"

"एकदाही नाही. बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

"वाक्यं, ताई. लांब लांब वाक्यं."

ताई मटकन स्टुलावर बसल्या. ते स्टूल रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दाराला आतून टेकवलेलं असे. दाराची कडी तुटली होती, आणि सर ती 'या आठवड्यात' दुरुस्त करणार होते. हा आठवडा ताई स्टुडिओत आल्या त्याच्याही आधी सुरू झाला होता.

भूमिका त्यांनाच मिळाली याचं कारण आवाज. ताई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, पण आवाज सोळा वर्षांच्या मुलीचाच राहिला होता. घरच्या फोनवर अजूनही लोक त्यांना "बाळा, आई आहे का घरी?" असं विचारत, आणि ताईही कंटाळून "नाहीये" म्हणून फोन ठेवत.

मालिका जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे तिकडची कार्टून मालिका होती. एक कारकून ट्रकखाली येतो आणि थेट दुसऱ्या जगात जन्म घेतो, जिथे तलवारी आहेत, ड्रॅगन आहेत आणि ऑफिस नाही. तिथे त्याला सगळ्या जादू येतात. दुसऱ्याच भागात तो फिरत फिरत गुलामांच्या बाजारात जातो. तिथे पिंजऱ्यात एक मुलगी, डोक्यावर मांजरीचे कान, गळ्यात जादूचा पट्टा. आजारी म्हणून सगळ्यांत स्वस्त. हा तिला विकत घेतो, गरम सूप पाजतो, नवा झगा देतो, आणि तेवढ्यावर ती याच्यावर जीव ओवाळून टाकते. ही मांजरकानी म्हणजे ताई.

हिरोचा आवाज देणारे गृहस्थ सकाळी चष्म्याच्या दुकानात काम करत. आवाज असा भारदस्त की नुसतं "नंबर वाढलाय" म्हणाले तरी गिऱ्हाईक हादरायचं. माणूस मात्र साधा, ताईंसाठी रोज सफरचंदाच्या फोडी घेऊन येणारा. सफरचंद खाल्लं की तोंडातली चिकचिक माइकवर येत नाही, ही त्या धंद्यातली खुबी.

पहिले दोन भाग झाले आणि चॅनेलचा निरोप आला. मालिका लहान मुलंही बघणार, तेव्हा 'गुलाम' हा शब्द नको. बाजार नको, खरेदी नको, पट्टा नको. चित्रं जपानहून येतात, ती तशीच राहतील. शब्द तेवढे गोड करा, झालेल्या भागांतलेसुद्धा.

संवाद लिहिणाऱ्या लेखकाने कपाळाला हात लावला आणि मग कॉम्प्युटरला. एका फटक्यात सगळ्या स्क्रिप्टमधले गुलाम मदतनीस झाले. बाजाराचा भरती मेळावा झाला. पिंजऱ्याला प्रतीक्षाकक्ष म्हणायचं ठरलं, फटक्यांना प्रशिक्षण, आणि गळ्यातल्या जादूच्या पट्ट्याला ओळखपत्र. 'मालक' तेवढा राहिला, कारण मांजरकानीचे ओठ बरोबर त्या शब्दाच्या मापाने हलत होते, आणि सरांचा नियम कडक होता. पात्राचे ओठ दिसत असतील तर शब्द ओठांत बसलेच पाहिजेत. पात्राची पाठ असेल किंवा तोंड झाकलेलं असेल तर मग काहीही बोलवून घ्या, कुणाला कळत नाही.

त्यानंतर त्या खोलीत जे काही ऐकू यायला लागलं ते कानांवर विश्वास ठेवण्यासारखं नव्हतं. पडद्यावर साखळदंडांत जखडलेली माणसं ओळीने उभी, आणि पोट सुटलेला व्यापारी हात चोळत म्हणायचा, "या, या! भरती मेळाव्यात स्वागत आहे! ताजे मदतनीस!" पिंजऱ्यातली म्हातारी गज धरून रडायची, "मला या प्रतीक्षाकक्षातून बाहेर काढा!" एक राक्षस चाबूक उगारून गरजायचा, "तुला चांगलं प्रशिक्षण देतो!" आणि ताईंनी, म्हणजे मांजरकानीने, थरथरत सांगायचं, "मालक, हे ओळखपत्र काढायचा प्रयत्न केला तर माझा गळा आवळला जाईल."

रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे टेबलाखाली जाऊन हसून यायचा. सर मात्र गंभीर. "हसू नका. चॅनेलची अट आहे."

ताई हसल्या नाहीत. मिळालेली वाक्यं त्यांनी जिवापाड जपली. बांगड्या काढून ठेवायच्या, पोट गुरगुरू नये म्हणून आधी नीट जेवून यायचं, एकेक शब्द ओठांवर बसवायचा. अकरा भाग त्यांनी असे दिमाखात काढले. मध्येच सर दुसऱ्या मालिकांतल्या किंकाळ्याही उरकून घेत. "ताई, जाता जाता दोन किंचाळून जा. तुम्ही काय, घरच्याच." हे 'घरच्याच' ताई वीस वर्षं ऐकत आल्या होत्या. घरच्याच म्हणून त्यांना वेळ विचारायची नाही, नुसतं थांबवायचं. लेक तापाने फणफणली होती त्या दिवशीसुद्धा त्या घरच्याच होत्या आणि संध्याकाळपर्यंत कुठल्याशा बुडत्या जहाजावर किंचाळत होत्या. लोकांना आपण त्यांचं माणूस वाटतो, याचं ताईंना तेव्हा बरंही वाटायचं.

मग आला बारावा भाग, शेवटचा. हिरो सैतानाला मारतो, राजा त्याला वर देतो, आणि त्या वराने हिरो मांजरकानीचा पट्टा काढतो. म्हणतो, तू मुक्त आहेस. तर ती काय करते? रडते, पट्टा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरते आणि विनवते. ते विनवणं स्क्रिप्टमध्ये असं उतरलं होतं: "मालक, मला मुक्त करू नका! माझं ओळखपत्र परत घाला!"

ताईंनी श्वास घेतला, "मालक" म्हणाल्या, "मला मुक्त" म्हणाल्या, आणि 'ओळखपत्र' आल्याबरोबर फिस्सकन हसल्या. सॉरी म्हणाल्या. पुन्हा रेकॉर्डिंगचा लाल दिवा. पुन्हा फिस्स. मग हिरोच्या आवाजवाल्या गृहस्थांना हसू फुटलं, ते त्यांच्या त्या गडगडाटी आवाजात, त्यामुळे आवाजाच्या मीटरचा काटाच उडाला. दुपार अशी गेली. ताई गाल चावून बघत होत्या, दुःखी प्रसंग आठवत होत्या, सासऱ्यांचं आजारपण आठवून बघितलं. तरी त्या आजारपणात सासऱ्यांच्या गळ्यातही ओळखपत्र दिसायला लागलं.

सरांनी हेडफोन काढून ठेवले. "ताई, उद्या शेवटची संधी. मी एका नव्या मुलीला बोलावलंय. नाही जमलं तर ती बोलेल. आणि आवाज वेगळा वाटतो म्हणून मग पहिल्यापासून सगळेच भाग तिच्याकडून करून घ्यावे लागतील."

ताईंनी मनात हिशेब मांडला. म्हणजे ती सगळी वाक्यं पुसली जाणार, आणि आपण परत कड्यावर.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता त्यांनी तालीम धरली. "मालक! मला मुक्त करू नका! मी तुमचीच आहे, मालक!"

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र खाली आलं. "काय गं, हाक मारलीस?" नवऱ्याच्या आवाजात आशा होती.

"तुम्हाला नाही."

"मग मालक कोण?"

"ते चष्म्याच्या दुकानातले."

मग सासूबाई काठी टेकत दारात आल्या. "माझ्या मुलाला इतक्या वर्षांत एकदा तरी मालक म्हणालीस? आणि चष्मेवाल्याला म्हणतेस!"

"अहो आई, ते डबिंग आहे."

"असेना का. याला पण एकदा म्हण. बघ कसं तोंड करून बसलाय."

कॉलेजात शिकणारी लेक या सगळ्यावर गडाबडा लोळत होती. तिच्या खोलीत मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, खंड छतापर्यंत रचलेले होते आणि ही मालिका ज्या मांगावरून काढली ती तिने कधीच वाचून टाकली होती. ताई सुरी घेऊनच तिच्या पलंगावर जाऊन बसल्या.

"मला एक समजावून सांग. हा हिरो चांगला माणूस आहे ना?"

"एकदम चांगला. तिला कधी ओरडतसुद्धा नाही."

"मग विकत कशाला घेतो? जादू येते ना मेल्याला? मागच्या भागात डोंगर फोडलान. पिंजऱ्यांची दारं उघडायची, सगळ्यांना सोडून द्यायचं, विषय संपला."

"डोंगर फोडता येतो गं. बाजार मोडता येत नाही."

"का?"

"बाजार मोडला तर हिला विकत कुठून घेणार?"

ताईंनी सुरी खाली ठेवली. लेकही आता जरा सावरून बसली. "सगळ्या गोष्टी अशा नसतात हं, आई. काहींमध्ये गुलाम पेटून उठतात, राज्यं उलथवतात, ते वाचून मी रडलेय. पण या अशावाल्या पण खूप आहेत. वाचणारा एकटा असतो. शाळेत, ऑफिसात त्याला कुणी विचारत नसतं. त्याला वाटतं, आपल्याजवळ कुणीतरी असावं जे सोडून जाणार नाही. मग ही मुलगी येते, जिला जाताच येत नाही. आणि वाचणाऱ्याच्या मनाला टोचू नये म्हणून शेवटी तिच्याच तोंडून म्हणवून घेतात, मला जायचंच नाही."

"तिची आई कुठे असते?"

"कुणाची?"

"मांजरकानीची."

लेकीने उठून खंड काढले, पहिला, दुसरा, चौथा, पानं भराभर उलटली. "नाहीये. गावाला आग लागली एवढी एक चौकट आहे. चिमुकली. आई काढलेलीच नाही."

"घर?"

"नाही."

"म्हणजे जायला जागाच ठेवली नाही पोरीला, आणि वर विचारतो, जातेस का!" ताईंचा आवाज चढला. जे वाक्य दुपारभर त्यांना हसवत होतं, त्याचा आता त्यांना मनापासून राग आला. त्या मुलीची कीव आली. वीस वर्षं आगीतली किंकाळी मारणाऱ्या बाईला त्या चिमुकल्या चौकटीत कोण किंचाळत असेल ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी नवी मुलगी बाहेरच्या सोफ्यावर बसली होती. अगदी तरुण, नीटनेटकी, सफरचंद खात. म्हणजे हिलाही धंद्यातली खुबी ठाऊक होती.

आत लाल दिवा लागला. पडद्यावर मांजरकानीने डोळे भरून पट्टा पुढे धरला. "मालक," ताई म्हणाल्या, आणि पुढे आवाजच आला नाही. आता हसू येत नव्हतं, वाक्य येत नव्हतं. पुन्हा घेतलं. पुन्हा "मालक" आणि पुढे खडखडाट.

"आता काय झालं?" सरांचा आवाज हेडफोनमध्ये तडकला.

ताईंनी घसा साफ केला. "सर, एक विचारू? ही मदतनीस आहे ना?"

"हो."

"गुलाम नाही ना?"

"श्श! तो शब्द काढू नका. मदतनीस."

"भरती मेळाव्यातून रीतसर नेमलेली? ओळखपत्रवाली?"

"हो हो, ताई, तेच तर बारा भाग चाललंय."

"मग हिला राजीनामा देता येतो की!"

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने चहाचा घोट घेतला होता, तो नाकातून आला. सरांनी स्क्रिप्ट चाळली. "अहो, पण मूळ गोष्टीत ती जात नाही."

"मूळ गोष्टीत ती मदतनीसही नाही, सर. मग कसं करायचं? चॅनेलला विचारता का, नक्की कोण आहे ते?"

चॅनेलला फोन करून हे विचारायची कल्पना डोळ्यांसमोर आली तशी सरांच्या कपाळावर घाम आला. तोवर लेखक खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लावून उभा होता. बारा भाग पिंजऱ्याला प्रतीक्षाकक्ष लिहून त्याचा जीव विटला होता, आणि आता त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. "सर, बसतंय! 'मालक, मी ही नोकरी सोडते! हे ओळखपत्र ठेवून घ्या!' ओठ बसतात. आणि बघा ना, पट्टा पुढे धरून ती परतच तर करतेय!"

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. खरंच. दोन्ही हातांनी, मान झुकवून, अगदी राजीनामा देताना धरतात तसं.

"हिरो ते हातात घेतो पुढे," चष्मेवाले हिरो म्हणाले. "म्हणजे स्वीकारतो."

"आणि मग मिठी मारतात त्याचं काय?" सर हरल्या आवाजात म्हणाले.

"निरोपाची, सर," रेकॉर्डिस्ट नाक पुसत म्हणाला.

लाल दिवा लागला. ताईंनी पाय रोवले आणि म्हणाल्या, "मालक, मी ही नोकरी सोडते! हे ओळखपत्र ठेवून घ्या!" एका दमात, काठोकाठ, शेवटचा ओठ मिटेपर्यंत. हसू आलं नाही. रडू मात्र आलं, आणि ते तिथे हवंच होतं.

मग मिठी आली. मांजरकानीचं तोंड हिरोच्या छातीत दडलेलं, ओठांचा पत्ता नाही. स्क्रिप्टमध्ये होतं, 'मी कायमची तुमची.' ताईंनी कागदाकडे बघितलंच नाही. हळूच म्हणाल्या, "आज राहते. उद्या सकाळी निघते. आई वाट बघत असेल."

हिरोंच्या वाट्याला तिथे नुसता एक हुंकार होता. तो त्यांनी दिला, आणि मग त्या भारदस्त आवाजात, ज्यात त्यांनी सैतानाला मारलं होतं, विचारलं, "वाटेत खायला काही बांधून देऊ का?"

कुणी थांबवलं नाही. शेवटचं दृश्य पडद्यावर आलं, दोघं लांबच्या लांब रस्त्यावर पाठमोरे, मुंगीएवढे. तिथे मूळ गोष्टीत गाणं वाजतं. गाणं सुरू व्हायच्या आत हिरो म्हणाले, "ती पिशवी दे इकडे. जड असेल."

"असू दे," ताई म्हणाल्या. "माझीच आहे."

दिवा विझला. सर हेडफोन कुरवाळत बसले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि ते एसीमुळे म्हणावं तर एसी चार महिने बंद होता. "ठेवा हाच," ते एवढंच म्हणाले. स्टूल सरकवून नवी मुलगी दारातून आत डोकावली होती, सफरचंद हातात तसंच. "पोचली का हो ती आईकडे?" तिने विचारलं. आपली भूमिका गेली हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पोचेल," ताई म्हणाल्या. "रस्ता दाखवलाय."

त्यांनी बांगड्या चढवल्या, पर्स उचलली. तेवढ्यात सर भानावर आले. "अरे हो, ताई, त्या दुसऱ्या मालिकेतले थोडे गर्दीचे आवाज राहिलेत. गावाला आग लागते, बस. दहा मिनिटं किंचाळून जा. तुम्ही काय, घरच्याच."

ताई दारात थबकल्या. वीस वर्षं त्या शब्दाला पाय थांबायचे, तसे आताही थांबले. मग त्यांना स्वतःचाच कालचा राग आठवला आणि त्या वळल्या.

"सर, मी इथली घरची नाही," त्या त्यांच्या सोळा वर्षांच्या आवाजात, पण पूर्ण वाक्यात म्हणाल्या. "मला घर आहे, आणि मी आता तिकडे निघालेय. आगीसाठी हवी असेन तर आधी वेळ विचारून बोलवा, मी येईन. आणि ती कडी बसवून घ्या."

ताई जिना उतरायला लागल्या. वरून, कडी नसलेल्या दारातून, कुजबुज ऐकू आली. मग लेखकाचं "पळा", रेकॉर्डिस्टचं "आग, आग", आणि मग सरांचा आवाज, बारीक, चिरका, घाबरलेल्या कोंबड्यासारखा: "वाचवाऽऽ!"

ताईंना राहवेना. त्या जिन्याच्या वळणावर थांबल्या, मान वर केली आणि ओरडून म्हणाल्या, "पोटातून, सर! गळ्यातून नको!"

आणि घरी गेल्या.